बुरूड आळीतल्या आजींना, आमच्या शाळेकडून

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

दिवाळी जत्रेच्या दिवशी तुम्ही आलात, कंदिलांच्या टेबलामागे तासभर बसलात आणि आभाराचं भाषण सुरू व्हायच्या आत ‘दुकान उघडं टाकलंय’ म्हणून निघूनही गेलात. व्यासपीठावर तुमच्या नावाचा नारळ तसाच राहिला. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. त्या दिवशी ‘शाळेनं काय सुंदर कंदील केलेत’ म्हणून आमची पाठ थोपटणाऱ्यांनाही कळू दे, की यामागे कोण होतं.

दिवाळीच्या सुटीआधीच्या शनिवारी आमची ही जत्रा भरते. सहामाही संपलेली असते, मुलं उधळलेली असतात आणि पालक-शिक्षक संघाला पैसे हवे असतात. केशवनगरहून आणलेल्या पणत्या मुलं रंगवतात. आठवीचा वर्ग उटण्याच्या पुड्या बांधतो, नागरमोथा आणि कचोऱ्यानं आठवडाभर शिंकत असतो. हे दरवर्षीचंच. कंदील मात्र २०१८च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोल गेल्यापासून पुठ्ठ्याचे तयार सांगाडे आणून व्हायचे. यंदा कलेच्या सरांनी कामट्यांचा कंदील करायचा हट्ट धरला आणि आम्ही दोघी-तिघी तुमच्या दुकानात येऊन उभ्या राहिलो. ‘कामट्या देते, पण बांधणार कोण?’ असं तुम्ही विचारलंत, तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.

तो काळ तुमच्या ऐन धंद्याचा होता, हे आम्हाला नंतर उमगलं. गौरींची सुपं नुकतीच संपलेली, घटस्थापनेच्या टोपल्या आणि देवीच्या परड्या दारात रचलेल्या. अशात दुपारची दोन घटका विश्रांती सोडून तुम्ही शाळेत येत राहिलात. रिक्षाचं भाडंसुद्धा आम्हाला देऊ दिलं नाहीत.

पहिल्या दुपारी तुम्ही कागदाला हात लावू दिला नाहीत. आधी बांबू. कांब मधोमध चिरायची, मग प्रत्येक भाग पुन्हा मधोमध. मुलांची फाट एका बाजूला पळायची, एक कामटी दोऱ्याएवढी आणि दुसरी काठीएवढी निघायची. तुम्ही एकाचा हात धरून दाखवलंत: फाट नेहमी बारीक बाजूकडे पळते, तिला परत मधे आणायचं तर जाड बाजू वाकवायची. आम्ही सगळे उलटं करत होतो. कोयता मात्र तुम्ही कुणाच्या हाती दिला नाहीत. मोठं चिरकाम स्वतः केलंत, मुलांना शेवटची चीर आणि कुसळं तासायचं काम दिलंत. बरं केलंत. सातवी ब हा वर्ग मी जवळून ओळखते.

मग चौकोन. चार कामट्यांचा एक, असे सहा. कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्यानं बारा गाठी मारल्या की सांगाडा उभा. त्रिकोण एकही बांधलेला नसताना मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, हे गणिताच्या बाईंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो सांगाडा भूमितीच्या तासाला उचलून नेला. कडा, कोपरे, पृष्ठं मोजून झाली. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, ‘मोजायचं काय त्यात, गाठ ढिली नको एवढं बघा.’

शनिवारी सकाळी परतीच्या पावसानं घोळ घातला. खळ वाळेना, पतंगी कागद ओला होऊन पोट सोडायला लागला. व्हरांड्यात दोऱ्या बांधून कंदील टांगायचे आणि प्रत्येकात दिवा लावायचा, ही युक्ती तुमचीच. आमचे एलईडी दिवे थंडगार, त्यांनी काय वाळणार! शेवटी शिपाईमामांनी कोठीतून जुने पिवळे बल्ब शोधून काढले. त्यांच्या धगीनं तासाभरात कागद ढोलकीसारखा ताणून बसला. बल्ब कागदाला टेकू नये म्हणून तुम्ही प्रत्येक कंदिलाखाली वाकून बघत होतात, कंबर दुखत असताना.

पण आजी, खरे आभार मानायचेत ते किमतीबद्दल. किंमत ठरवताना आमच्यात दोन तट पडले होते. मुलांनी केलेली वस्तू, तेव्हा स्वस्त ठेवू, चटकन खपेल, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. तुम्ही सुपलीची काठ वळता वळता ऐकत होतात. म्हणालात, ‘शाळा ऐंशीला विकायला लागली तर माझ्याकडे दीडशेला कोण घेईल?’ चर्चा तिथंच संपली. बांबू, कागद, दोरा, लागलेल्या दुपारी, असा हिशेब मुलांनीच फळ्यावर मांडला आणि दीडशेचीच पाटी लागली.

आणि सगळे खपले. शाळेच्या मैदानावर एकानंही घासाघीस केली नाही. तीच माणसं आळीत येऊन सुपामागे दहा रुपये सोडा म्हणतात, हे मुलांनी तुमच्या दुकानात बसून पाहिलं होतं. माझ्या लेकानं ‘असं का?’ म्हणून विचारलं. मी सोयीस्करपणे त्याला पाणी आणायला पिटाळलं.

पैसे कशाला लागणार होते, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तरी सांगते. प्रयोगशाळेत नळ नाही, मुलं परीक्षानळ्या धुवायला जिन्याखालच्या मोरीत जातात. आता आतच दोन नळ, एक ओटा आणि निचऱ्याची लाइन होईल. प्लंबर सुटीत काम करणार आहे. त्याचं ‘सुटीत’ म्हणजे केव्हा, ते देवाला ठाऊक.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत, साडी परत पाठवलीत. ठीक. पण बांबूचं बिल राहिलंय आणि ते आम्ही बुडवणार नाही. नातवाला सांगून आकडा तेवढा कळवा. शिवाय पालकसभेत एक ठरलंय. वर्गावर्गातल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या बादल्या मोडीत काढून तिथे तुमच्याकडच्या टोपल्या ठेवायच्या. भाव तुम्ही सांगाल तो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची गर्दी सुरू व्हायच्या आत माप घेऊन आम्ही येतो. दुपारी येऊ नये हे आता कळलंय, तेव्हा सकाळी दहाला येऊ.

आपली,
सातवी ब मधल्या एका मुलाची आई
(पालक-शिक्षक संघाच्या वतीने)