तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल

गावभाग, सांगली
आषाढ

स्टुडिओवाले काका,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र दुकानात आणून दिलं असतं तर तुम्ही चष्मा न लावताच ‘बरं, बरं’ म्हणून गल्ल्यात टाकलं असतं आणि वर मलाच खुर्ची देऊन सरबत मागवलं असतं. म्हणून हे अनावृत पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गावभागातल्या निम्म्या लोकांना तसंही कळेलच.

मला आठवा महिना लागलाय. पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा घरात दोन याद्या फिरत होत्या. आईची: जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, अळीव, डिंक, बाळंतशेपा. नवऱ्याची यादी पुण्याहून मोबाइलवर यायची: भिंतीला चिकटवायचे हत्ती-जिराफ, मंद दिवा, आणि पाळण्यावर टांगायचं गरगर फिरणारं काहीतरी, ज्याचा उपयोग मला अजून कळलेला नाही. बाळाची खोली वरच्या मजल्यावर, यावर मात्र दुमत नव्हतं. ज्यांनी २०१९ पाहिलंय ते तळमजल्यावर बाळंतिणीची खाट टाकत नाहीत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या खालच्या खोलीत त्याची मातकट रेघ अजून आहे. बाबांनी भिंतीला दोनदा रंग दिला, तेवढी रेघ सोडून.

वरची खोली रिकामी करताना पलंगाखालून ती लोखंडी ट्रंक निघाली. पूर ओसरल्यावर बाबांनी सगळे अल्बम गच्चीवर उन्हात वाळवले होते, वाळल्यावर ट्रंकेत घालून कडी लावली होती. त्यानंतर ती कुणी उघडली नाही आणि का उघडत नाही हे कुणी विचारलंही नाही. मी उघडली, तर आत फोटो नव्हतेच, विटा होत्या. पंधरा-पंधरा, वीस-वीस फोटो एकमेकांना चिकटून टणक झालेले, रंगीत फोटोंच्या कडा केशरी-पिवळ्या, आणि वास असा, की तिसऱ्या महिन्यानंतर गेलेली मळमळ परत आली.

त्यातल्या दोन विटा पिशवीत घालून तुमच्याकडे आले. मला काय हवं होतं ते मी एका दमात सांगितलं: हे सोडवून द्या, आजीचा फोटो रंगीत करून द्या, मोठ्या फ्रेमा करा, बाळाच्या पाळण्यावरची भिंत भरून टाकायचीय.

तुम्ही वीट हातात घेऊन वास घेतलात आणि विचारलंत, “ट्रंक कुठल्या खोलीत आहे?”

“बाळाच्या.”

“ती आज बाहेर निघाली पाहिजे. बुरशी आहे. आणि तुम्ही हात लावायचा नाही, ताई. मी पोरगा पाठवतो.”

तो तुमचा पहिला नकार. नंतर इतके झाले, की आई तुम्हाला ‘नाही-काका’ म्हणायला लागली होती. हे तुम्हाला माहीत नसेल तर आता कळलं.

विटा सोडवायच्या म्हणजे सुरी घालून एकेक पापुद्रा काढायचा, असं माझ्या डोक्यात होतं. तुम्ही समजावलंत, ते मला आता पाठ झालंय. फोटोच्या कागदावर जिलेटीनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. जिलेटीन म्हणजे जेलीच, भिजली की फुगते आणि वाळताना शेजारच्याला धरून बसते. “ओढलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो बघा.” मग त्या ढिगातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा गठ्ठा मला निवडायला लावलात. कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीचे फोटो होते, कुणाच्या ते आत्यालाही ओळखता आलं नाही. ते थंड, स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये टाकून तुम्ही चहा प्यायला गेलात. परत आलात, कडेला बोट लावलंत, परत गेलात. असं तीनदा. मला वाटलं, हा माणूस काम टाळतोय. चौथ्यांदा वरचा फोटो आपण होऊन सरकला. जिलबी खाणारा एक अनोळखी माणूस पाण्यावर तरंगत वर आला, तेव्हा मी दुकानात ओरडलेच.

कृष्णधवल फोटो बरेच सुटले. रंगीत फारसे नाहीत. तुम्ही ते खोटं गोड करून सांगितलं नाहीत. “हे गेले,” म्हणालात आणि लगेच, “निगेटिव्ह कुठायत?”

निगेटिव्ह! फोटोबरोबर स्टुडिओतून मिळणाऱ्या त्या पाकिटातल्या पट्ट्या कुणी ठेवतं का? तर आजीनं ठेवल्या होत्या. माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुतळीचा तोडा आणि तीन बिनकामाच्या किल्ल्यांबरोबर. पाणी माळ्यापर्यंत गेलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही खालच्या विटांसाठी हळहळत होतो आणि वर डब्यात चांगले फोटो पडून होते. त्यातल्या एका रोलमध्ये आईचं डोहाळजेवण निघालं, म्हणजे पोटात मी. फुलांची वाडी घातलेली आई, चेहऱ्यावर वैताग, कारण (हे तिनं परवाच सांगितलं) मोगऱ्याच्या वासानं तिला उमासे येत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. माझ्या डोहाळजेवणाला तिनं मोगरा आणू दिला नाही. त्याचं कारण मला त्या फोटोमुळे कळलं.

आजीच्या फोटोचा प्रसंग मात्र मी विसरणार नाही. मांडीवर तान्ही आत्या, आत्याच्या डोक्यावर कुंची. मी तो मोबाइलमधल्या अ‍ॅपवर आधीच रंगीत करून आणला होता आणि खरं सांगते, मला तो सुंदर वाटत होता. गुलाबी कुंची, निळं लुगडं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, “हे मी छापणार नाही.” मला राग आला. गिऱ्हाईक मी, पैसे माझे. तुम्ही विचारलंत, “कुंची गुलाबी होती?”

“माहीत नाही.”

“मग माहीत असलेल्या माणसाला विचारा की. अजून आहे तोवर.”

आत्या मिरजेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तुमच्यावरच्या रागानं का होईना, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आले. तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “गुलाबी कुठली? हिरवा खण. गुळेदगुड्डचा. माझ्या पाठच्या सगळ्यांनी तीच घातली, तुझ्या बापानं पण. मागचा पदर उंदरानं खाल्ला म्हणून आईनं निम्मी कापून टाकली.” मग थांबेचना. लुगडं कुणी दिलं, फोटो कुणाच्या ओसरीवर काढला, फोटो काढायला आलेला माणूस किती वेळ हलू देत नव्हता, सगळं. तुम्ही काउंटरखालून मऊ पेन्सिल काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. पेन नाही; बॉलपेनचे वळ पुढून उमटतात आणि पाणी लागलं की शाई पसरते. शिसपेन्सिल पाण्यालाही दाद देत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी एकशे चार फोटोंच्या मागे नावं लिहिली. फोटो अजून कृष्णधवलच आहे. मागे माझ्या अक्षरात: ‘कुंची हिरव्या खणाची, आत्या सांगते.’

आईनं लगेच हिरवा खण आणला. कुंची शिवून तयार आहे. बाळंतविड्यात सगळ्यात वर तीच ठेवलीय.

कॅसेटचं थोडक्यात लिहिते, कारण लिहायला बसलं की मला रडू येतं आणि आठव्या महिन्यात मला तसंही कशानंही रडू येतं. काल दूध उतू गेलं तेव्हाही आलं होतं. आमच्या घरच्या बारशाला म्हणायचा पाळणा आजीच्या तोंडी होता, बाबांनी तो कधीतरी टेप केला होता. आत्याला चारच कडवी येतात, कॅसेटवर नऊ आहेत. टेपमागचा तो फेल्टचा चिमुकला तुकडा गळून पडला होता. तुम्ही दुसऱ्या कॅसेटचं कवच उघडून आमची रिळं त्यात बसवलीत आणि आवाज संगणकावर घेतलात. मी म्हटलं, ती खरखर काढा, मागचा रिक्षाचा आवाज काढा, आणि शेवटी आजी म्हणते ना, “चालू आहे का रे ते मेलं अजून?”, ते कापा, बारशाला लावायचंय. तुम्ही म्हणालात, “बारशासाठी एक साफ करून देतो. पण मूळ आहे तसंच राहणार, आणि ‘मेलं’ दोन्हीत राहणार.” काका, घरात आता रोज कुणी ना कुणी ते शेवटचं वाक्यच लावतं.

भिंतीचं मोजमाप घ्यायला तुम्ही घरी आलात तेव्हा तर धडाकाच लावलात. पाळण्याच्या वर काचेच्या फ्रेमा नाहीत. बाहेरच्या भिंतीवर नाहीत, पावसाळ्यात ओल येते. खिडकीसमोर नाहीत, उन्हानं उडतात. शेवटी फोटो गेले मधल्या बोळात, आतल्या भिंतीवर, आणि बाळाच्या खोलीत बिचारे हत्ती-जिराफ. जाता जाता तुमचं लक्ष माझ्या हातातल्या पॉलिशपेपरकडे गेलं. आजोबांनी रंगवलेला पाळणा मी घासायला घेतला होता. “जुना ऑइलपेंट? त्यात शिसं असायचं. धूळ पोटात जाईल, ठेवा ते.” मी नंतर वाचलं: घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. आजोबांचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. पाळणा सुतारमामांकडे गेला. त्यांनी तो त्यांच्या आवारात, पाणी मारून ओला ठेवूनच घासला. नव्या रंगाचा वास जाईपर्यंत पाळणा अजून तिकडेच आहे.

आणि ती तीन प्रतींची सक्ती. एक हार्ड डिस्क घरात, एक प्रत इंटरनेटवर, आणि एक “कृष्णेचं पाणी जाणार नाही अशा गावात”. ती नवऱ्याकडे पुण्यात आहे. मुठेचं काय, असं त्यानं विचारलं. त्याला सांगितलंय, तिसऱ्या मजल्यावर राहतोस, गप्प बस.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

एका दुपारी बाबा तुमच्या दुकानात आले होते. मी आतल्या खोलीत स्कॅनरपाशी होते. बाबांनी तुम्हाला विचारलं, “उन्हात वाळवले ते चुकलं का हो?” तुम्ही हातातलं काम न थांबवता म्हणालात, “पुराचं पाणी वाईट. त्यानं चिकटतातच.” आणि विषय बदललात, कोयनेतून किती पाणी सोडलंय यावर गेलात.

तुम्ही मला आठवडाभर आधीच सांगितलं होतं, की ओले असतानाच वेगळे करायचे, नाहीतर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायचे, पण एकत्र वाळू द्यायचे नाहीत. उन्हात तर नाहीच. त्याच पुरात तुमचं दुकान गळ्याइतक्या पाण्यात होतं आणि हे सगळं तुम्ही तुमचा स्वतःचा माल घालवून शिकलात, हेही तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलं होतंत. म्हणजे बाबांना काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही ते दिलं नाहीत.

मी बरेच दिवस काही बोलले नाही. गेल्या रविवारी बाबा बोळात फ्रेमांना खिळे ठोकत होते, तेव्हा न राहवून सांगून टाकलं, की काका त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. बाबांनी तोंडातला खिळा काढला. म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. चांगला माणूस आहे.” आणि पुढचा खिळा ठोकला. इतक्या वर्षांत त्या ट्रंकेचं नाव न काढणारा माणूस आता आल्यागेल्याला हाताला धरून बोळात नेतो आणि प्रत्येक फोटोखाली उभं राहून नावं सांगतो. काही चुकीची सांगतो. आम्ही मागे पेन्सिलीनं लिहिलेलं दाखवतो, तरी ऐकत नाही.

शेवटची ती जोडी. आजी-आजोबांचे दोन फोटो समोरासमोर चिकटलेले, पाण्यात चार वेळा ठेवूनही न सुटलेले. मी म्हटलं होतं, एकदा ओढून बघा, गेले तर गेले. तुम्ही पाकिटात घालून परत दिलेत. “माझ्याच्यानं होणार नाही. पुढं कुणाला तरी काहीतरी सुचेल, तोवर राहू देत.” दोन्ही पाठी मात्र स्कॅन करून दिल्यात. एकीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का पसरलाय, दुसरीवर आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीनं फक्त ‘हिला आवडलेला’. समोर काय आहे ते आम्हाला माहीत नाही. पाकीट कपाटात वरच्या खणात आहे, कुंचीच्या शेजारी.

तुम्ही बिल पै न् पै घेतलंत, सवलत मागितली तर तिथंही नाहीच म्हणालात, त्यामुळे पैशांचे उपकार डोक्यावर नाहीत. बारशाचा दिवस ठरला की बाबा आमंत्रण घेऊन येतील. काकूंना घेऊन या. कॅमेरा आणा, पण आधी जेवा.

तुमची,
ट्रंकवाली ताई

ता. क. तुमची ती मऊ पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. बारशाला आलात की देते, त्याआधी नको.