तयारी मुलांची की झग्याची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरनंतरचे रविवार म्हणजे वसई-मुंबईकडच्या बऱ्याच चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनचे दिवस. आठ-नऊ वर्षांची मुले प्रथमच ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकरी, स्वीकारतात. अलीकडे या सोहळ्यात मुलींना कॅनकॅन लावलेले सॅटिनचे गाऊन, नेटचे हातमोजे, डोक्यावर मुकुट आणि मुलांना मे महिन्यात थ्री-पीस सूट घालायची पद्धत पडली आहे. हौसेला मोल नसते हे मान्य. पण ही हौस तयारीचा वेळ खाते आणि ज्याला ती परवडत नाही त्याला कर्जात ढकलते, म्हणून हे पत्र.

कॅथलिक चर्चचा कायदा कपड्यांबद्दल काय म्हणतो? काहीच नाही. त्यातली कलमे, म्हणजे कॅनन, ९१३ आणि ९१४ एवढेच सांगतात की मुलाला पुरेसे ज्ञान हवे, तयारी काळजीपूर्वक व्हावी, आधी पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे चुकांची कबुली) झालेले असावे आणि ज्याची तयारी नाही त्याला धर्मगुरूंनी पुढे येऊ देऊ नये. गरिबीमुळे कोणी संस्कारांना मुकू नये, हे कॅनन ८४८ सांगतो. म्हणजे थांबवायचे ते तयारी नसलेल्याला. गाऊन नसलेल्याला थांबवायला कुठेही आधार नाही. पांढरा रंग बाप्तिस्म्याच्या वस्त्राची आठवण म्हणून आला. त्याला झालर आपण लावली.

पोप दहावे पायस यांच्या काळात, ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या फर्मानाने कम्युनियनचे वय साधारण सातवर आणले. त्याआधी ठिकठिकाणी दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबवून ठेवत. त्या फर्मानातली कसोटी अगदी साधी आहे: श्रद्धेच्या मुख्य गोष्टी वयाला झेपतील तेवढ्या कळाव्यात, रोजच्या भाकरीतला आणि या भाकरीतला फरक ओळखता यावा आणि मनात भक्ती असावी. सातव्या वर्षी जमेल एवढेच मागितले आहे.

प्रत्यक्षात काय होते? रांगेत कसे चालायचे, हात कसे जोडायचे, फोटोला कुठे थांबायचे, याची तालीम तीन-तीनदा होते. पापनिवेदन मात्र आदल्या संध्याकाळी. चाळीस मुले, दोन धर्मगुरू, एक तास: प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे. मग मुले पाठ केलेली यादी म्हणतात, ‘आईचे ऐकले नाही, भावाशी भांडलो, खोटे बोललो’, आणि शेजारच्या मुलाचीही तीच यादी असते. खरे तर पायऱ्या पाच आहेत: चुका आठवणे, वाईट वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली आणि दिलेले प्रायश्चित्त पूर्ण करणे. पाठ होते ती फक्त चौथी. पहिल्या तीन घरीच व्हायला हव्यात, रोज रात्री पाच मिनिटे, निदान महिनाभर आधीपासून. ‘आज कोणाला दुखावले?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. उत्तर आले की शिक्षा करायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून उत्तर येत नाही. कबुलीही तीन-चार आठवडे आधी छोट्या गटांत घ्यावी, म्हणजे भांडलेल्या मित्राशी बोलायला मुलाच्या हाती दिवस उरतात.

हातमोज्यांचेच पाहा. ख्रिस्तशरीर तळहातावर घ्यायचे तर डावा तळवा वर, त्याखाली उजवा. मग उजव्या हाताने उचलून तिथेच तोंडात घालायचे. कणही खाली पडता कामा नये. नेटच्या मोज्यात कण अडकतात. ऐन वेळी मोजा काढायला गेले की तो बोटांत अडकतो, मागची रांग खोळंबते आणि मूल रडवेले होते. होस्ट, म्हणजे ही पातळ भाकरी, नुसत्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची. ती सुक्या टाळूला चिकटते, मग मूल सगळ्यांदेखत तोंडात बोट घालते. यावर उपाय म्हणजे निघताना घोटभर पाणी. उपवास कम्युनियनआधी एकच तासाचा आहे. पाण्याने तो मोडत नाही, हे तर १९५३ पासूनच स्पष्ट आहे. तरी आजीच्या धाकाने पोरांना कोरडे ठेवतात आणि सूटमधला मुलगा प्रवचनाच्या मध्यात चक्कर येऊन बसतो.

‘देवाच्या घरी नीटनेटके जायला नको का?’ हा नेहमीचा आक्षेप. जायला हवेच. स्वच्छ धुतलेला, इस्त्रीचा सदरा नीटनेटकाच असतो. काही जण बायबलमधल्या मत्तयच्या बाविसाव्या अध्यायातला दाखला देतात: लग्नाचे वस्त्र नसलेल्या पाहुण्याला बाहेर काढले. पण ते वस्त्र म्हणजे प्रीती, असा अर्थ संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच लावला आहे. उलट याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून वाचावा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’, हे त्यात जसेच्या तसे आहे. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने झापले तेही याच प्रभूच्या भोजनावरून: एक उपाशी, दुसरा झिंगलेला आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाज. संध्याकाळच्या हॉलमधल्या पार्ट्यांना हे किती लागू पडते ते ज्याचे त्याने ठरवावे.

साधेपणाचाही देखावा होतो, हे खरे. उपास करताना तोंड सुकवून फिरू नका, चेहरा धुवा, असे येशूने सांगितले ते त्यासाठीच. म्हणून ‘आमच्या मुलीला गाऊन नको’ असे एकट्याने मिरवण्यापेक्षा सगळ्यांना एकच पोशाख बरा. इटली, पोलंड, जर्मनीतल्या पुष्कळ धर्मग्रामांत मुले सारखे पांढरे पायघोळ अंगरखे घालतात. काही ठिकाणी ते चर्चच्याच मालकीचे असतात.

आपल्याकडे हे अवघड नाही. ४४ इंची पन्ह्याचे सुती पॉपलीन एका अंगरख्याला अडीच-पावणेतीन मीटर पुरते. ३८, ४२ आणि ४६ इंच लांबीची तीन मापे शिवली की आठ ते दहा वर्षांची बहुतेक मुले बसतात. खाली तीन इंचांची दुमड सोडावी, म्हणजे उंच मुलासाठी ती उसवता येते. नवे कापड आधी भिजवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात अंगरखा घोट्यावरून वर चढतो. खळ नको, ती टोचते. मेणबत्त्यांना पुठ्ठ्याची वाटी लावावी. तरी मेण सांडलेच तर थंड होऊ देऊन खरवडावे आणि टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. एक संच बरीच वर्षे चालतो. आत मूल काय घालून आले आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि दिसू नये हाच हेतू आहे.

नवे धर्मशिक्षण वर्ग जूनमध्ये सुरू होतात. अंगरख्यांचा ठराव पहिल्याच पालकसभेत व्हायला हवा. नाताळनंतर फार उशीर होतो. तोवर कोणाच्या तरी परदेशातल्या मावशीने गाऊन पाठवलेला असतो, आणि तो कपाटातच राहू द्या असे त्या घरी जाऊन सांगायला कोणी धजत नाही.

— एक धर्मशिक्षक, वसई