मोजे घाला म्हणता, पण फरशीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की आपल्या पेपरात निफाडचा पारा किती उतरला ते येतं आणि खाली ठरलेली सूचना असते, लहान मुलांना कानटोपी, स्वेटर, मोजे घाला. आम्ही निफाड तालुक्यातलेच, थंडी काय ते आम्हाला सांगायला नको, पण मोजे घातलेलं पोर फरशीवर कसं सटकतं यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी माझ्या मुलांना लोकरीचे मोजे विणायचे तेव्हा घरात शेणाने सारवलेली जमीन होती, मग शहाबादी आली, ती पण जरा खरबरीतच. आता घरोघरी चकचकीत टाइल्स. तसेच मोजे नातवाला विणले, सव्वा वर्षाचा, नुकता पाऊल टाकायला लागलेला, आणि तो घसरून टीपॉयच्या कडेवर आपटला, हनुवटीला तीन टाके. माझ्याच हातचे मोजे होते, फार लागलं मनाला.

रेडिमेड ग्रिपवाले मोजे, म्हणजे तळव्याला न घसरणारे ठिपके असलेले, मिळतात पण या वयात पाय इतक्या पटापट वाढतो की दर थोड्या महिन्यांनी नवीन घेणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून घरीच करून बघितले. आधी ग्लू गनने ठिपके दिले, ते चुकलं, तो गोंद थंडीत कडक होतो आणि बटणासारखा उलटा जास्त घसरतो, धुतल्यावर निघाला पण. स्टेशनरीतला थ्रीडी आउटलायनर, म्हणजे कापडावर उठावाची रेघ काढायचा रंग, चालतो, पकड मात्र कमी. शेवटी सिलिकॉनने जमलं, खिडकीच्या काचेला लावतात ते, हार्डवेअरच्या दुकानात 280 मिलीची ट्यूब मिळते. बाथरूमसाठीचं सिलिकॉन घेऊ नका, त्यात बुरशी मारायचं औषध असतं. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं पण टाळा, न्यूट्रल मागा.

मोज्यात पावलाच्या मापाचा पुठ्ठा कापून घालायचा, म्हणजे मोजा जरा ताणला जातो आणि सिलिकॉन आतून दुसऱ्या बाजूला चिकटत नाही. सुती मोजे असतील तर जास्त चांगलं. मग टाचेखाली आणि बोटांच्या मागच्या फुगीर भागाखाली मसुराच्या डाळीएवढे ठिपके द्यायचे, बोटभर अंतर सोडून, आणि प्रत्येक ठिपका ओल्या बोटाने हलकेच दाबून चपटा करायचा, उंच राहिला तर पोराला टोचतो आणि लवकर सुटतो. खिडक्या उघड्या ठेवून करा. हे हवेतल्या ओलाव्याने सुकतं त्यामुळे हेअर ड्रायर मारून काही उपयोग नाही, एक पूर्ण दिवस-रात्र ठेवा, मी तर दोन दिवस ठेवते, मग धुऊनच घाला. पुढे धुताना उलटे करून धुवायचे, ठिपक्यांवर इस्त्री नको.

एक मात्र कळकळीने सांगते, जे बाळ अजून पाय तोंडात घालतं त्याला हे मोजे घालूच नका, ठिपका सुटून घशात अडकेल. मोठ्या मुलांचे पण घालताना दर वेळी ठिपके नखाने ओढून बघा. ओल्या फरशीवर यांचा भरवसा नाही. आणि दुपारी फरशी गार नसेल तर पोराला अनवाणीच चालू द्या, बोटं रोवून चालायला शिकतात ती.

गेल्या आठवड्यात मी गावच्या अंगणवाडीत सोळा जोड्या दिल्या, चपला बाहेर काढून पोरं मोज्यांवरच टाइल्सवर पळत असतात तिथे. त्याच एका ट्यूबमध्ये झाल्या आणि अजून अर्धी शिल्लक आहे. सेविकाताई म्हणाल्या आणखी लागतील. तर ज्यांच्या घरी मुलांचे आखूड झालेले चांगले मोजे पडून असतील त्यांनी धुऊन आपापल्या अंगणवाडीत नेऊन द्यावेत, आणि आपण पुढच्या वेळी थंडीची सूचना छापाल तेव्हा मोज्यांच्या पुढे या ठिपक्यांबद्दल एक ओळ टाकावी ही विनंती.

आपली,
एक आजी, ता. निफाड, जि. नाशिक