दीड महिन्याच्या डोसला आईची शुगर का बघत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला गरोदरपण आणि लठ्ठपणावरचा लेख वाचला, राहवलं नाही म्हणून आज लिहायलाच बसले. मथळ्यात 'आधी, दरम्यान आणि नंतर' असं तिन्ही आहे. आधीवर दोन कॉलम, गरोदरपणावर अर्धं पान, आणि नंतरवर? एक वाक्य, की आईने वजन आटोक्यात ठेवावं. कसं ठेवावं, तिला तपासणार कोण, काही नाही.

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात शुगर निघाली. तिथून डिलिव्हरीपर्यंत हॉस्पिटलने जी काळजी घेतली त्याबद्दल माझी तक्रार नाही, डाएट चार्ट दिला, घरी बोटाला सुई टोचून शुगर बघायला शिकवलं, जेवण झालं की चालायला लावलं, एखादी अपॉइंटमेंट चुकली तर फोन यायचा. बाळ झालं, छान झालं, आणि त्या दिवसापासून आईचं कुणाला काही पडलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसींच्या तारखा ओळीने लिहिलेल्या, आणि आईसाठी लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, टाके दाखवायला या. गरोदरपणात शुगर असलेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत ग्लुकोज देऊन तपासणी करायची असते, केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते आहे, पण त्या कार्डावर त्याबद्दल एक शब्द नव्हता. दीड महिन्याच्या डोसला बाळाला घेऊन गेलो तेव्हा मी स्वतः विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, अहो आजी, वार पडली की शुगर जाते, कशाला काळजी करता.

पुढे ती कामावर रुजू झाली, रात्रीची जागरणं, दिवसभर खुर्चीत बसणं, वजन उतरायचं सोडून चढतच गेलं आणि ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये डायबेटिस निघाला. तिशीत! ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पहिलं काय विचारलं तर बाळंतपणात डिंकाचे लाडू किती खाल्ले. मला फार लागलं ते. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांना पुढे टाइप टू डायबेटिस होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट जास्त असते, हे मला आता माहितीये. मग ते आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर लाडूही त्या हिशेबाने झाले असते आणि तपासणीही वेळेवर झाली असती.

दुसरं, लेखात परदेशातल्या विद्यापीठांची नावं आली, येऊ देत, पण पुण्याचं काम एका ओळीतही नाही हे मला पटलं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा जो अभ्यास केला तो इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांना बरोबर घेऊनच केला ना? त्या बायकांचं दिवस राहायच्या आधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, बाळं २.७ किलोच्या आसपास, म्हणजे साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोने तरी हलकी, हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायका होत्या त्या. त्यातही पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या पोटात जास्त गेलं त्यांची बाळं बरी भरली. पुढे हेही दिसलं की ज्या आईच्या रक्तात बी ट्वेल्व्ह आणि फोलेट या दोन जीवनसत्त्वांपैकी पहिलं कमी आणि दुसरं जास्त, तिच्या मुलाला सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही, डायबेटिसची पहिली पायरीच ती) सगळ्यात जास्त. म्हणजे लठ्ठपणा टाळायचा तर बाईने तोंडावर ताबा ठेवावा, इतकं ते सोपं नाहीये, आणि तुमच्या लेखाचा सूर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच, बाईने हे खाऊ नये, बाईने ते करावं. तिला घरात काय वाढलं जातं, चालायला जायचं तर तासभर बाळाला कोण बघतं, हे घरच्यांनाही विचारा की.

आईची आधीपासून काळजी घेतली तर मुलांचा पुढचा लठ्ठपणा टळतो का, हे बघणारा तो हेल्टी प्रकल्प चांगलाच आहे, कॅनडा, चीन, दक्षिण आफ्रिका आणि आपण, आपल्याकडे म्हैसूरजवळच्या खेड्यांत, दिवस राहायच्या आधीपासून ते मूल पाच वर्षांचं होईपर्यंत. त्याचे निकाल येतील तेव्हा येतील. पण सहा आठवड्यांच्या तपासणीला कुठल्या निकालाची वाट बघायची गरज नाही.

सरकारी असो नाहीतर खाजगी, दीड महिन्याच्या डोसला बाळाबरोबर आई येतेच. आशाताई तर हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा येतात, आणि ४२ दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडेच झाले की. मग गरोदरपणात शुगर निघाली होती त्या आईला डोसच्या दिवशीच ग्लुकोजचं पाणी द्या, दोन तासांनी रक्त घ्या, वजन आणि बीपी बघा, आणि बाळाचं करता तसं तिच्याही नावाचं कार्ड करा, पुढच्या तारखा घालून. दोन तास थांबायला बायका तयार नसतात असं मला एकांनी ऐकवलं. रांगेत तेवढा वेळ जातोच हो, आधी नीट सांगितलं आणि बाळाला पाजायला आडोसा दिला तर कोण नाही थांबणार?

आणि त्याच पानावर लेखाच्या खाली बाळंतपणानंतरचं पोट काही दिवसांत सपाट करणाऱ्या पावडरची जाहिरात होती, तीही खटकली. अंगावर पाजणाऱ्या मुली हे बघून मागवतात, आत काय घातलंय ते कुणालाच माहीत नसतं. कृपा करून अशा जाहिराती घेऊ नका. माझं पत्र लांबलंय, छोटं करून छापलंत तरी चालेल, फक्त सहा आठवड्यांच्या तपासणीचं तेवढं कापू नका.

आपली,
एक आजी, हडपसर