'बरं आहे' या उत्तरावर थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आला की गावोगावी सत्कार होतात. पण ज्यांची खरी काळजी करावी असे ज्येष्ठ त्या सभागृहात नसतातच. ते घरी असतात आणि कुणी विचारलंच तर 'बरं आहे' म्हणतात. ज्येष्ठांच्या घरी नियमित जाणारे कार्यकर्ते म्हणून आम्हाला या उत्तराआड लपलेल्या एकाकीपणाबद्दलच लिहायचं आहे.

एकटं राहणारी माणसं एकाकी असतातच असं नाही. रोज भजनाला जाणाऱ्या, दारात चार जणींशी बोलणाऱ्या आजी दोन खोल्यांत एकट्या राहूनही मजेत असतात. उलट भरल्या घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एक शब्दही न बोललेले आजोबा असतात. 'मुलगा-सून जवळ आहेत, त्यांना काय कमी!' हे म्हणणं म्हणूनच सोडून द्यावं.

माणूस सांगत नाही ते घर सांगतं. भिंतीवरचं कॅलेंडर बघा. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, नातवाचा वाढदिवस असं वर्षानुवर्षं लिहिणाऱ्याच्या चौकटी कोऱ्या राहू लागल्या, महिना संपून आठवडा झाला तरी पान उलटलं नाही, तर काहीतरी बदललंय. रोज एक घ्यायची १० गोळ्यांची पट्टी तीन आठवडे पुरत असेल, तर गोळ्या चुकताहेत. सकाळचीच भाजी रात्री आणि दुसऱ्या दिवशी नुसता चहा-खारी, हेही बघण्यासारखं. कुरिअरवाल्याला दारात अर्धा तास थांबवून घेणं किंवा दर आठवड्याला नवं दुखणं घेऊन दवाखान्यात जाणं, ही एकाकीपणाचीच दुसरी बाजू. एकेका खुणेवरून निष्कर्ष नको. पूर्वी काय होतं आणि आता काय, ते ताडून बघा.

मग विचारा, पण घरची मंडळी खोलीत नसताना. सून चहा घेऊन समोर उभी असताना कोण खरं सांगेल? जगभर वापरले जाणारे तीन प्रश्न पुरतात. सोबतीला कुणी नाही, असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातंय, असं किती वेळा वाटतं? सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? 'क्वचित'ला १, 'कधीकधी'ला २, 'नेहमी'ला ३ गुण. बेरीज ६ किंवा जास्त आली तर गांभीर्याने घ्या. 'एकाकी' हा शब्द यात कुठेच नाही, म्हणून माणूस मोकळेपणाने बोलतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते कानाकडे. कट्ट्यावर चौघं एकदम बोलतात, शब्द निसटतात, भलत्याच ठिकाणी हसलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून 'गुडघे दुखतात' सुरू होतं. मागे हातभर अंतरावर उभं राहून कुजबुजत तीन आकडे म्हणा आणि ते परत म्हणायला सांगा. जमलं नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी नुसता मळ असतो. कानाचं यंत्र असूनही ते टेबलाच्या खणात पडलेलं असेल, तर का ते बघा. वाटाण्याएवढा सेल थरथरत्या बोटांनी बसत नाही. शिवाय या सेलवरची चिकटपट्टी एकदा काढली की तो वापरला नाही तरी उतरत जातो. आठ-पंधरा दिवसांनी तो बदलून देणारं माणूस लागतं. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. तिच्यात ऐकू न येणं आहे आणि उतारवयात माणसांपासून तुटणंही आहे. बाहेर जाणं थांबवणारं आणखी एक कारण कुणी बोलून दाखवत नाही: बागेत स्वच्छतागृह नसणं.

चूक होते ती उत्साहात. दोनशे जणांच्या स्नेहमेळाव्यात एकाकी ज्येष्ठांना एकदा नेलं जातं, ते कोपऱ्यात बसतात आणि परत 'नको' म्हणतात. त्यापेक्षा समान आवडीचं एकच माणूस गाठून द्या आणि पहिल्या तीन वेळा घरून नेऊन घरी सोडा. परगावच्या, परदेशातल्या मुलांनी फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्यावी. 'जेवलीस का?' याऐवजी 'लोणच्याला मोहरीची डाळ किती घालू?' असं विचारावं. आईची गरज लागतेय, हे तिला त्यातून कळतं.

दोन आठवडे सलग उदासी, अन्नावरची वासना उडणं, वजन उतरणं दिसलं तर डॉक्टर गाठा. 'देवाने आता उचलावं' हे म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८. दोन्ही मोफत आहेत.

ज्येष्ठ नागरिक संघांना एक विनंती. हजेरीची वही सगळीकडे असते. लागोपाठ तीन बैठकांना न आलेल्या सभासदाच्या घरी त्याच आठवड्यात दोघांनी जाऊन यावं. आणि संपादक महोदय, वरचे दोन क्रमांक आपल्या स्थानिक पानावर रोज, मोठ्या अक्षरांत छापता येतील का?

आपले,
ज्येष्ठांच्या घरभेटी करणारे कार्यकर्ते, पुणे