कुंपणाबाहेरची शेती

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बाबा, इथलं लष्कर छावणीशेजारच्या शेतकऱ्याला जमीन न घेताच पैसे देतं, हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे. अपशिंग्याच्या काकांनाही सांगणार आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. पीक त्याचं, लाकूड त्याचं, उद्या जमीन विकायची तर तीही त्याची मर्जी. तो सोडून देतो फक्त प्लॉट पाडायचा हक्क. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्कां'त कायमचा बोजा चढला, असं समजा. जमीन दहा हात फिरली तरी तो उतरत नाही. किंमत ठरते दोन मूल्यांकनांतून. समजा एकराला बाजारभाव ८,००० डॉलर आणि घरबांधणी बंद केल्यावर ५,०००, तर मोबदला मधल्या ३,००० चा. शहराचा रेटा असेल तिथे हा फरक मोठा. आडरानात हाती फारसं पडत नाही.

लष्कराचा यात काय फायदा? आपल्या वाढे फाट्याला उसाच्या जागी प्लॉट आले तसंच इथे होतं. आधी छावणी, मग घरं, मग तोफांच्या आवाजाच्या तक्रारी. रात्रीचे दिवे त्याहून नडतात. अंधारात बघायचे चष्मे लावून सराव करणाऱ्यांना त्या उजेडाचा त्रास. फोर्ट ब्रॅग या इथल्या छावणीला तर एका दुर्मिळ सुतार पक्ष्याने अडवलं! तो जुन्या, जिवंत पाइनमध्येच ढोली कोरतो आणि भोवती टोचे मारून डिंक वाहता ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही. बाहेरचं जंगल तुटत गेलं आणि पक्षी राखायचा भार छावणीतल्या झाडांवर आला. सरावावर बंधनं आली. म्हणून १९९५ पासून नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर बाहेरची जमीन राखायला सुरुवात झाली. डिसेंबर २००२ मध्ये अशा भागीदारीसाठी देशभराचा कायदा आला.

सक्ती नाही, पण कागद किचकट. जमिनीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेकडून 'आमचा बोजा या करारानंतरचा' असं लिहून घ्यावंच लागतं. नाहीतर कर्ज थकून लिलाव झाला की करारच उडतो. खनिजाचा हक्क पूर्वी दुसऱ्याला विकलेला निघाला तरी घोडं अडतं. हद्दीची मोजणी, फोटोंसह मूळ स्थितीचा अहवाल, मग दरवर्षी संस्थेचा माणूस पाहणीला. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुलांच्या घरासाठी एखादा एकर आधीच वगळून न ठेवणं. सही झाल्यावर मागून काही मिळत नाही.

आपल्याकडे १९०३ चा संरक्षण बांधकाम कायदा उलट्या टोकाने येतो: बांधकामबंदीची अधिसूचना आधी, भरपाईचा दावा मागाहून जिल्हाधिकाऱ्यांकडे. मला इथली रीत बरी वाटते, निदान शेतकऱ्याला नाही म्हणता येतं.

काकांचा पुतण्या देहूरोडकडे गुंठे बघतोय ना? तिथल्या दारूगोळा कोठाराचा रेड झोन, म्हणजे भोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा, २,००० यार्डांचा, म्हणजे साधारण १.८३ किलोमीटर. हे अंतर सरळ रेषेतलं. एजंटने गाडीच्या मीटरवर मोजलेलं धरू नका. गट नंबर घालून झोन दाखला आधी काढायला सांगा, इसार त्यानंतर.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची लेक