पैसे थोडे, लाल पेन जास्त : दहावीच्या मुलांसाठी वाचनालयाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली असताना आम्ही वाचनालयात भूमितीचा सराव पेपर घेतला. बोर्डासारखाच, घड्याळ लावून, दोन तास, 40 गुण. एक मुलगा सोपे प्रश्न भराभर उरकून रचनेला बसला. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या होत्या. रीत तोंडपाठ, पण कर्कटकाचा स्क्रू ढिला. वर्तुळ फिरून येईपर्यंत पेन्सिल सरकलेली. खोडलं, पुन्हा काढलं, परत खोडलं, कागद फाटायला आला. वीस मिनिटं त्यातच गेली. समरूप त्रिकोणांचं जे प्रमेय त्यानं आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर घडाघडा म्हणून दाखवलं होतं, ती जागा कोरीच राहिली.

हे आम्हाला कधी कळलं? त्याचा बोर्डाचा भूमितीचा पेपर होऊन गेल्यावर. सराव पेपरांचा गठ्ठा तोवर कपाटात पडून होता, कारण तपासायला माणूस नव्हता. चूक आमची.

म्हणून यंदा आधीच हात पसरतो आहोत.

आपला खानापूर-आटपाडीचा हा भाग गलाईचा. घराघरातला कर्ता माणूस सोनं-चांदी गाळायला देशाच्या कुठल्या ना कुठल्या शहरात आहे आणि पोरं आजी-आजोबांकडे. आजी जेवूखाऊ घालते, पहाटे उठवते, पण बीजगणितात काय चुकलं ते तिला सांगता येत नाही. शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव इथं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. ते बघून आम्हीही मंदिरावरचा भोंगा लावून पाहिला. पहिले पंधरा दिवस गाव चिडीचूप. नंतर मालिका हळूच सुरू झाल्या, तरी दहावीची मुलं मात्र सातला वाचनालयात यायला लागली ती लागलीच. जागा आहे, शांतता आहे, मुलं येतात. अडतं ते पुढे. मुलांनी जे लिहिलं ते कुणी वाचत नाही. आणि पाठांतर कितीही असो, लिहिलेलं कुणी तपासल्याशिवाय मुलाला आपली चूक दिसत नाही.

यंदा 38 जण आहेत. त्यात सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या दोन सुनाही आहेत, आणि खरं सांगायचं तर वेळेवर येण्यात त्या दोघी पोरांपेक्षा पुढे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून सलग दहा रविवार, दर रविवारी दोन पेपर. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग आणि इंग्रजी. प्रत्येक विषयाच्या चार फेऱ्या होतात. बाकीच्या विषयांत आमची मुलं तरून जातात, ते आम्ही मुद्दाम सोडले आहेत.

म्हणजे आठवड्याला 76 उत्तरपत्रिका. एकीला वीस मिनिटं धरली (इंग्रजीला जरा जास्त) आणि दहा माणसं मिळाली, तर एकेकाच्या वाट्याला सात-आठ पेपर, अडीच तासांचं काम. आज आमच्याकडे तिघेच आहेत. सात माणसं हवीत.

निवृत्त शिक्षकांनी हे वाचून मान वळवू नये. पण शिक्षकच हवेत असं नाही. बीएस्सी झालेली, इंजिनिअरिंगला असलेली, बँकेत लागलेली मुलं-मुलीही चालतील. पुण्या-मुंबईत असाल तर पेपरचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू. अट एकच, नुसते गुण टाकून परत करू नका. त्या मुलाशी दहा मिनिटं बोला. गणितात पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकलं तरी सूत्र आणि मांडणी बरोबर असेल तर पदरात काही पडतं, आणि आमची निम्मी पोरं पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितात. हे एकदा समोर बसवून दाखवलं की पुढच्या रविवारी फरक दिसतो. मंडळ 2023 पासून शेवटी 10 मिनिटं वाढवून देतं. ती कशी वापरायची हेही कुणीतरी सांगायला लागतं, नाहीतर पोरं त्या वेळात पट्टीनं समास आखत बसतात.

आता पैशांचं. झेरॉक्स आणि कोरे कागद मिळून एका पेपरला 12 रुपये येतात. एका मुलाचे वीस पेपर 240 रुपयांत होतात, सगळ्यांचे 9,120. दिवाळीला आलेले गलाई बांधव विचारत होते, “काय मोठं करायचं असेल तर सांगा.” मोठं काही नाही हो. कमानीला आपला हात सढळ सुटतो, फलकावर नावही झळकतं. झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर नाव घालता येत नाही, पण हिशेब दर महिन्याला वाचनालयाच्या दारावर लावू. कुणाच्याही हातात रोख देऊ नका, काउंटरवर पावती घ्या किंवा तिथल्या क्यूआर कोडवर पाठवा. इन्व्हर्टरची बॅटरी बसली आहे. कुणाकडे जुनी पण चालू असेल तर तीही द्या.

आणखी एक. परीक्षा केंद्र बाहेरगावी आहे. अकराच्या पेपरला साडेदहाला हॉलमध्ये असावं लागतं आणि सकाळची एसटी कधी येईल याचा भरवसा नाही. वडापवाल्यांनी पेपरच्या दिवशी सकाळी साडेनऊची एक खेप फक्त या मुलांसाठी ठेवावी, डिझेलचे पैसे वाचनालय देईल. दोघांनी तोंडी होकार दिला आहे, तिसरी गाडी मिळाली तर कुणाला टपावर बसावं लागणार नाही.

पेपर तपासणार असाल तर येत्या शनिवारी संध्याकाळी सातला वाचनालयात या. मागच्या वर्षीचे सात-आठ पेपर समोर ठेवून कसं तपासायचं ते ठरवू. चहा आहे. येताना घरात पडून असलेल्या कंपासपेट्या घेऊन या, पण आणण्याआधी कर्कटकाचा स्क्रू तेवढा पिळून बघा.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी